रस्ता आणि सोबत : पुण्याच्या महापालिका आयुक्तांना अनावृत पत्र

मा. आयुक्त,
पुणे महानगरपालिका, शिवाजीनगर, पुणे.



२०२६ च्या जानेवारीत पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत आपल्या शहरात आणि जिल्ह्यात झाली. तिच्या निमित्ताने रस्त्यांवर नवे डांबर पडले, खड्डे बुजले, कडेची वाहने हटली. प्रशासनाने मनावर घेतले तर सायकलसाठी रस्ता सज्ज होऊ शकतो, हे पुणेकरांनी डोळ्यांनी पाहिले. शर्यत पुरुषांची होती. ती झाली, पांगली. रोजच्या सायकलचा प्रश्न मात्र आहे तिथेच आहे. शाळेत जाणारी मुलगी, चार घरी पोळ्या लाटायला जाणारी बाई, मंडईतून भाजी आणणारी आजी, तसेच स्त्री आणि पुरुष या दोन्ही रकान्यांत न मावणारी, स्वतःला नॉन-बायनरी किंवा पारलिंगी म्हणवणारी माणसे पुण्याच्या रस्त्यावर सायकल चालवताना क्वचितच दिसतात. दर ८ मार्चला एखादी महिला सायकल फेरी निघते, टी-शर्ट वाटले जातात, झेंडा दाखवला जातो आणि भाषणात एक वाक्य हमखास येते : महिलांनी आत्मविश्वासाने पुढे आले पाहिजे. माझे म्हणणे असे, की हा उपदेश चुकीच्या पत्त्यावर जातो. सायकल चालवण्याचा आत्मविश्वास कुणी घरून घेऊन निघत नाही. तो दोन गोष्टींतून तयार होतो, रस्ता आणि सोबत. यांपैकी पहिली गोष्ट पूर्णपणे आणि दुसरी बऱ्याच अंशी आपल्या अखत्यारीत आहे.

पुण्याच्या बायकांमध्ये धाडस कमी आहे असे म्हणणाऱ्याने संध्याकाळी सहा वाजता कर्वे रस्त्यावर उभे राहून पाहावे. १९७२ मध्ये लूना आली, पुढे कायनेटिक होंडा आणि स्कूटी आल्या, आणि या शहरातल्या बायका दुचाकीवर अशा बसल्या की तोंडाला स्कार्फ गुंडाळून गर्दीतून वाट काढणारी मुलगी ही पुण्याची ओळख होऊन गेली. शहरातली सर्वांत बेभरवशाची वाहतूक त्या रोज अंगावर घेतात. तीच बाई सायकलवर बसायला तयार नसेल तर तिचे काळीज घरी राहिलेले नसते. फरक वाहनाच्या वेगाचा आहे. स्कूटर भोवतीच्या गर्दीच्या वेगाने चालते. मागून हॉर्न वाजला तर मनगटाच्या एका पिळासरशी पुढे सटकता येते आणि कुणी काही बोलले तर त्याला मागे टाकता येते. सायकलचा वेग ताशी बारा-पंधरा किलोमीटर. तिच्यावरच्या माणसाला मागची बस कापते आणि शेजारची नजरही फार वेळ सोडत नाही. म्हणजे भीती दोन आहेत, वाहनाची आणि माणसाची. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. आपण दोन्हींवर एकच उतारा देत आलो : बाई, धीर धरा.

मुलींची तयारी आहे की नाही याचा पुरावा खेड्यांत आहे. आयआयटी दिल्लीच्या संशोधकांनी राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकडेवारीवरून दाखवले, की २००७ ते २०१७ या दहा वर्षांत ग्रामीण भागात सायकलने शाळेला जाणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे ४.५ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर गेले. शहरांमध्ये मुले-मुली मिळून हे प्रमाण जेमतेम हलले. वाढीमागे अनेक राज्यांच्या सायकलवाटप योजना होत्या. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या जातात. आता हीच मुलगी बारावीनंतर शिकायला पुण्यात येते. पाच वर्षे सायकल चालवलेली, पंक्चर काढून घेणे ठाऊक असलेली, चढावर उतरून ढकलण्याची लाज नसलेली. वसतिगृहापासून कॉलेज तीन किलोमीटरवर असते, म्हणजे गावच्या शाळेहूनही जवळ. तरी ती इथे सायकल घेत नाही. बसची वाट पाहते, रिक्षाला पैसे घालते किंवा घरच्यांकडे स्कूटर मागते. मुलगी तीच, पाय तेच, अंतरही तेवढेच. बदलला तो रस्ता. शहरात आल्यावर तिचा आत्मविश्वास कुठे गेला हे तिला विचारण्यापेक्षा रस्त्याला विचारणे बरे.

जगभरचा अनुभव याच दिशेने बोट दाखवतो. पोर्टलंड शहराचे सायकल समन्वयक रॉजर गेलर यांनी २००६ मध्ये नागरिकांचे चार गट मांडले. कुठल्याही रस्त्यावर बेधडक सायकल घालणारे त्यांच्या अंदाजात एक टक्काही नव्हते. साधा पट्टा आखला तरी चालवणारे सातेक टक्के. आणि ज्यांना हौस आहे पण धास्ती वाटते असे तब्बल साठ टक्के. बाकीचे सायकलच्या वाटेला न जाणारे. मेलबर्नमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बायका सायकलसाठी वाहनांपासून जास्तीत जास्त वेगळे असलेले मार्ग निवडतात असे दिसले. सहा खंडांतल्या १७ देशांची आकडेवारी एकत्र करून पाहिली तेव्हा असे आढळले, की जिथे एकूण प्रवासांत सायकलचा वाटा सात टक्क्यांच्या वर आहे, तिथे बायका पुरुषांइतक्याच सायकल चालवतात. जिथे तो त्याहून कमी आहे, तिथे त्या मागे पडतात. नेदरलँड्समध्ये तर त्या पुरुषांपेक्षा काकणभर जास्तच चालवतात, आणि डच बायका जन्मतः अधिक धीट असतात असे कुणी म्हणत नाही. स्पेनमधल्या सेव्हिल शहरात सायकल जवळजवळ नामशेष झाली होती. २००६-०७ च्या सुमारास तिथल्या पालिकेने वाहनांपासून वेगळे, सुमारे ८० किलोमीटरचे सलग जाळे एका दमात बांधून काढले आणि थोड्याच वर्षांत सायकलफेऱ्या कित्येक पटींनी वाढल्या. सेव्हिलची मेख ‘सलग’ या शब्दात आहे. शंभर ठिकाणी तुकडे टाकण्याऐवजी त्यांनी घरापासून मुक्कामापर्यंत न तुटणारी वाट दिली.

आपल्याकडे आराखड्याची वाण नाही. २०१७ च्या डिसेंबरात पुण्याच्या सर्वसाधारण सभेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला; त्यात सुमारे ८२४ किलोमीटरचे मार्ग आहेत. प्रत्यक्षात जो पट्टा झाला, तो बहुतेक रुंद रस्त्यांच्या कडेने, तुकड्यातुकड्यांत. असा एखादा तुकडा सायकलवरून कसा दिसतो ते पाहा. तोंडालाच तीन लोखंडी खांब, दुचाक्या घुसू नयेत म्हणून रोवलेले. त्यांच्यामधून हँडल कसेबसे जाते, पण कॅरियरला दोन्ही बाजूंनी भाजीच्या पिशव्या अडकवल्या असतील तर खाली उतरावे लागते. पुढे उचकटलेले पेव्हर ब्लॉक. मग विजेची डीपी, तिच्याशेजारी लावलेल्या चार मोटारसायकली, मग एक हातगाडी. बसथांब्याच्या मागे पट्टा अचानक संपतो आणि उंच कडेवरून चाक धाडकन खाली, थेट पीएमपी बसच्या पुढ्यात. चौकात, म्हणजे जिथे धोका सर्वांत जास्त, तिथे पट्ट्याचा मागमूस नसतो. तरणाबांड पोरगा हे सगळे चुकवत मोटारींमधून सायकल काढतो आणि त्याला त्यात मजाही वाटते. मागे कॅरियरवर सहा वर्षांचे लेकरू बसवलेली आई ते करणार नाही, आणि तिने करूही नये. तिचा नकार हा भित्रेपणा नव्हे, तो रस्त्याविषयीचा अचूक अभिप्राय आहे. म्हणूनच माझी पहिली विनंती अशी, की सायकलमार्गाचे यश किलोमीटरवर मोजू नका. ज्या मार्गावर बायका, मुले आणि म्हातारी माणसे चालवताना दिसत नाहीत तो मार्ग नापास, मग त्यावर कितीही खर्च झालेला असो.

आता दुसरी भीती, माणसाची. इथे कुणीही विचारेल, की बिहारच्या खेड्यांत कुठे सायकल मार्ग बांधले होते? तरी तिथे मुली चालवू लागल्याच ना? प्रश्न रास्त आहे. बिहारमध्ये २००६ पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी दोन हजार रुपये मिळू लागले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी या योजनेचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेतली मुलींची वयानुरूप नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आणि मुलगे-मुली यांच्यातली तफावत ४० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. परिणाम सर्वांत जास्त कुठे, तर जिथून शाळा लांब होती तिथे. खेड्यातल्या रस्त्यावर ट्रक-बसची दाटी नव्हती, त्यामुळे पहिली भीती मुळातच कमी. दुसरी भीती मोठी होती, आणि ती संख्येने घालवली. गावातून एकटी मुलगी सायकलवर निघाली तर पारावरची दहा डोकी वळतात. पंधराजणी एकदम निघाल्या, रोज निघाल्या, तर महिन्याभरात कुणी मान वर करत नाही. सरकारने सायकल एकीला दिली नाही, इयत्तेतल्या सगळ्या मुलींना एकदम दिली, हे त्या योजनेचे न लिहिलेले मर्म आहे.

याहून बोलके उदाहरण तामिळनाडूतल्या पुदुकोट्टईचे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे ‘अरिवोळी’ ही साक्षरता चळवळ चालू होती आणि जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी सायकल शिकणे त्या मोहिमेचाच भाग केले. खाणीत खडी फोडणाऱ्या, शेतमजुरी करणाऱ्या, अंगणवाड्या सांभाळणाऱ्या बायका सायकल शिकल्या. शिकलेलीने दुसरीला शिकवायचे, अशी साखळी लागली. १९९२ च्या महिलादिनी दीड हजारांवर बायका हँडलला झेंडे लावून शहरात उतरल्या. पी. साईनाथ यांनी तिथे जाऊन जे लिहिले त्यातला एक तपशील विसरता येत नाही : बाजारात लेडीज सायकली पुरेनाशा झाल्या तेव्हा बायकांनी मधल्या दांडीच्या जेंट्स सायकली घेतल्या, आणि पुढे काहींना त्याच आवडू लागल्या, कारण दांडीवर मूल बसवता येते. टोमणे त्यांनाही खावे लागले. पण चळवळीने त्यांना टोमणे सोसायला शिकवले नाही. तिने शिकवणीचे वर्ग दिले, कर्जाची सोय दिली, गाणी दिली आणि एकमेकींची संगत दिली. टोमणे मारणारे आपोआप अल्पमतात गेले. यामागे एका जिल्हाधिकाऱ्याचे कार्यालय खंबीरपणे उभे होते, ही गोष्ट आपल्या पदाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. सोबत ही काही निव्वळ खासगी बाब नाही. शासन ती घडवून आणू शकते.

पुण्याला हे नवीन नाही. १९९३ मध्ये इथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बायकांना तोवर सोसायटीचा वॉचमन हुसकून लावत होता, पोलीस चोर समजत होते. संघटना झाली, त्याच दशकात महापालिकेने त्यांच्या ओळखपत्रांवर मोहोर उमटवली, पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली आणि त्याच बायका आज त्याच सोसायट्यांच्या दारांत हक्काने उभ्या राहतात. त्यांना कुणी व्यक्तिमत्त्व विकासाचे वर्ग लावले नव्हते. एकमेकींची साथ आणि पालिकेची मान्यता, एवढ्या भांडवलावर रस्त्यावरचा वावर बदलला. सायकलच्या बाबतीत हीच वाट चालायची आहे.

आज शहरात सायकलस्वारांचे गट नाहीत असे नाही. पण त्यांतले बरेचसे पहाटे साडेपाचला सिंहगड पायथ्याकडे किंवा लोणावळ्याकडे निघणारे, महागड्या सायकलींचे, वेगाचे आणि अंतराचे हिशेब ठेवणारे. त्यात वावगे काही नाही. मात्र पहाटे साडेपाचला जिला डबे भरायचे असतात तिला तिथे जागा नाही, आणि जिची सायकल सेकंडहँड आहे तिला तिथे अवघडल्यासारखे होते. तिला हवी असलेली सोबत संध्याकाळची, संथ, घराजवळची आहे : वॉर्डातल्या वॉर्डात, शाळेपर्यंत, दवाखान्यापर्यंत, मेट्रो स्थानकापर्यंत. बार्सिलोनामध्ये २०२१ पासून पालकांनी ‘बिसिबुस’ चालवली आहे. ठरलेल्या वेळी ठरलेल्या रस्त्याने मुलांचा सायकल जथा निघतो, वाटेत थांबे असतात, पुढेमागे मोठी माणसे असतात आणि सगळा घोळका मिळून शाळेत पोचतो. महापालिकेच्या शाळांना हे सहज जमेल. आठवडाभर नको, आधी दोन वार ठरवा. शिक्षण विभागाने वेळ आखावी, वाहतूक पोलिसांनी वाटेतला मोठा चौक तेवढा धरावा.

शिकवण्याचेही असेच. लहानपणी सायकल शिकायला मिळते ती बहुधा मुलग्यांना. भाऊ मैदानावर भाड्याची सायकल फिरवत होता तेव्हा बहीण घरात होती, अशा पिढ्या या शहरात आहेत. चाळिशीच्या बाईला सायकल शिकायची तर भर रस्त्यात पडायची तिची तयारी नसते, आणि ते स्वाभाविक आहे. महापालिकेच्या शाळांची मैदाने संध्याकाळी रिकामी असतात, त्यांना भिंती असतात, फाटक असते. आपल्याकडे समाज विकास विभाग आहे, बचत गटांचे जाळे आहे. शिकवणाऱ्या बाया तिथूनच मिळतील. त्यांना मानधन द्या, आभाराचे प्रमाणपत्र नको. आठ-दहा कमी उंचीच्या, मधली दांडी नसलेल्या, चेनकव्हर आणि साडीगार्ड असलेल्या सायकली मैदानावर ठेवा. पंक्चर काढणे आणि ब्रेक कसणे हेही त्याच अभ्यासक्रमात असू द्या, कारण रात्री साडेआठला चाक बसले तर कुणाच्या तोंडाकडे पाहायचे, ही धास्ती बारीक असली तरी सायकल घरात पडून राहायला तेवढी पुरते. २०१७-१८ मध्ये ॲपवरच्या भाड्याच्या सायकली शहरात आल्या आणि लवकरच ओसरल्या. त्यांना स्मार्टफोन लागत होता, ऑनलाइन पैसे भरावे लागत होते. धुणीभांडी करणाऱ्या बाईला या दोन पायऱ्यांवरच थांबावे लागले असणार.

हे सारे लिहिताना मी ‘बायका’ म्हणत आले, पण ज्यांच्यासाठी हा शब्द अपुरा आहे त्यांच्याविषयी वेगळे बोलणे भाग आहे. पारलिंगी आणि नॉन-बायनरी व्यक्तींसाठी माणसाची भीती ही वाहनाच्या भीतीहून कितीतरी जड असते. त्यांच्याकडे पाहणारी नजर आधी कुतूहलाची असते, मग चेष्टेची होते, आणि सिग्नलला उभी असलेली तृतीयपंथी व्यक्ती पैसेच मागणार असे शहराने गृहीत धरलेले असते. बस किंवा शेअर रिक्षात शेजारचा माणूस सरकून बसतो. अशा माणसाला सायकल मोठी सोयीची, कारण तिच्यावर कुणाच्या शेजारी बसावे लागत नाही आणि कुणाची परवानगी लागत नाही. तीच सायकल त्याला उघड्यावरही आणते. ‘महिलांसाठी खास’ असे फलक लावून आपण बायकांना आडोसा दिला, तरी या माणसांना तो फलक दारातच अडवतो : आत गेले तर तुम्ही कोण, असा प्रश्न, आणि बाहेर राहिले तर पुरुषांच्या गटात तीच चेष्टा. तोडगा अवघड नाही. वर्ग आणि फेऱ्या ‘महिला, पारलिंगी आणि नॉन-बायनरी व्यक्तींसाठी’ अशा जाहीर करा, नोंदणीत व्यक्ती स्वतःला जे म्हणवते ते लिहा आणि दाखला मागू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या नाल्सा निकालात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा अधिकार मान्य केला, आणि पारलिंगी व्यक्तींविषयीच्या २०१९ च्या कायद्यात भेदभावाला मनाई करताना संचाराचा हक्क स्पष्ट लिहिला गेला. मैदानावरच्या सायकलींची नोंदही लेडीज-जेंट्स अशी न करता सीटच्या उंचीने करा. शिकवणाऱ्यांत पारलिंगी व्यक्ती असू द्या. यात महापालिकेचा खर्च जवळपास शून्य आहे.

यावर म्हटले जाईल, की ही माणसे मूठभर, त्यांच्यासाठी एवढा खटाटोप कशाला. २०११ च्या जनगणनेत देशभरात ‘इतर’ या रकान्यात सुमारे ४.८८ लाख माणसे नोंदली गेली. ज्या ओळखीमुळे घर सुटते ती ओळख प्रगणकाला दारात सांगण्याची हिंमत किती जणांना होते, हे लक्षात घेतले तर हा आकडा अपुराच असणार. पण संख्या खरोखर लहान असली तरी युक्तिवाद टिकत नाही. रस्ता सर्वांत अवघडलेल्या माणसाला सुसह्य झाला की तो बाकी सगळ्यांना आपसूक सुसह्य होतो. उलट असे कधी घडत नाही.

दुसरा आक्षेप जागेचा. पेठांतल्या रस्त्यांना सायकल मार्ग कुठून काढायचा? तिथे तो काढूच नये. पेठांतल्या बोळांत वेगळा पट्टा लागत नाही, तिथे वेग कमी लागतो. ताशी ३० ची मर्यादा, ती पाळायला भाग पाडणारे उंचवटे, आणि एकेरी रस्त्यांवर जिथे शक्य तिथे सायकलला दुहेरी मुभा, एवढ्याने भागेल. लक्ष्मी रस्त्यावर डिसेंबरात पादचारी दिन साजरा करून आपणच दाखवले, की वाहने काढली की तोच रस्ता किती रुंद असतो. मोठ्या रस्त्यांवर तर जागा आहेच. ती वापरली जाते उभ्या वाहनांसाठी. कडेला लावलेल्या मोटारींच्या एका रांगेला दोन मीटरच्या आसपास रुंदी लागते आणि एकेरी सायकल पट्ट्यालाही साधारण तेवढीच. म्हणजे प्रश्न जागेचा नाही, ती कुणाला द्यायची याचा आहे. सार्वजनिक जमिनीवर दिवसभर उभी असलेली खासगी मोटार आणि शाळेत जाणारी मुलगी यांत निवड करायची वेळ आली, तर कायदा आणि आपली विवेकबुद्धी दोन्ही मुलीच्या बाजूने आहेत.

तिसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे : बायकांना स्कूटर आहे, मेट्रो आली आहे, आता सायकल कुणाला हवी? ज्यांच्याकडे स्कूटर आहे त्यांनी ती जरूर चालवावी. पण ती सगळ्यांकडे नाही, आणि एका मोठ्या वर्गाला ती कायद्यानेच नाही. मोटार वाहन कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलीला ११० सीसीची स्कूटर चालवता येत नाही; १६ ते १८ या वयात ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचीच मुभा आहे, आणि आज सर्रास विकल्या जाणाऱ्या पेट्रोल स्कूटर त्याहून कितीतरी मोठ्या आहेत. म्हणजे पाचवी ते बारावीच्या मुलीने कुठेही जायचे तर तिला कुणीतरी सोडायला हवे. हे सोडणे-आणणे बहुतेक घरांत आईच्या वाट्याला येते : शाळा, क्लास, पोहणे, पुन्हा घर. मुलीला सुरक्षित सायकल दिली तर दोन बायका मोकळ्या होतात. मेट्रोचे स्थानकही दारात नसते. घर ते स्थानक हा दीड-दोन किलोमीटरचा टप्पा सायकलसाठीच असावा असा आहे, फक्त स्थानकाखाली कुलूप लावता येईल असा उजेडातला स्टँड हवा. ऊन, चढ आणि कपडे ही कारणेही दिली जातात. जिला रिक्षा परवडत नाही ती त्याच उन्हात, त्याच चढावर, त्याच साडीत आजही पायी चालतेच आहे. पुदुकोट्टईचे ऊन पुण्यापेक्षा सौम्य नाही.

शेवटचा आक्षेप असा, की छेडछाड हा पोलिसांचा विषय, पालिकेचा नव्हे. गुन्हा नोंदवणे पोलिसांचे काम, हे खरे. पण बंद पडलेले पथदिवे, दोन्ही बाजूंनी पत्रे ठोकलेले भुयारी मार्ग, नदीकाठचे निर्मनुष्य पट्टे, रात्री आठला बंद होणारी बागेची फाटके हे सगळे पालिकेचे आहे. सायकलमार्ग गर्दीपासून दूर, झाडीत नेला की तो कागदावर रम्य दिसतो आणि अंधार पडल्यावर ओस पडतो. तो दुकानांसमोरून, टपऱ्यांसमोरून, खिडक्यांखालून न्या. चार ओळखीची माणसे जिथे बसलेली असतात तिथे शेरेबाजी करणाऱ्याची जीभ लवकर आवरते.

म्हणून आयुक्तसाहेब, मागणी मोजकी आहे. शहरात १५ क्षेत्रीय कार्यालये आहेत. प्रत्येकाच्या हद्दीत यंदा एकच काम करा : शाळा, मंडई, दवाखाना आणि जवळचे मेट्रो स्थानक किंवा बसथांबा यांना जोडणारा दोन-तीन किलोमीटरचा सलग फेरा, चौकांसकट, दिव्यांसकट, आणि त्या फेऱ्यावर एक शाळेचे मैदान संध्याकाळच्या शिकवणीसाठी. त्याची देखभाल एका नावानिशी नेमलेल्या अभियंत्याकडे द्या आणि ते नाव फलकावर लावा. आणि मोजा. काम सुरू होण्याआधी एकदा आणि वर्षाने पुन्हा एकदा, त्या फेऱ्यावर दिवसभरात किती सायकली गेल्या, त्यांत बायका किती, मुली किती, साठीपुढच्या किती. पारलिंगी आणि नॉन-बायनरी सायकलस्वारांची मोजणी लांबून, चेहऱ्यावरून करू नये; त्यांना वर्गांत आणि संस्थांमार्फत त्यांच्या संमतीने विचारावे, की रस्ता बदलला का, आणि काय राहिले. दोन्ही आकडे आपण स्थायी समितीला अर्थसंकल्प सादर कराल त्याच दिवशी जाहीर करा. बायकांचा वाटा वाढला नसेल, तर दोष बायकांच्या धैर्याला न देता रस्त्याच्या आखणीला द्या आणि ती दुरुस्त करा. ८ मार्चच्या फेरीला झेंडा दाखवायचे आमंत्रण आपल्याला येईलच. त्या दिवशी भाषणाऐवजी पंधराही कार्यालयांचे हे आकडे वाचून दाखवावेत, एवढीच विनंती.



आपली नम्र,
एक पुणेकर करदाती